रखवाल्याचा वाटा

१

"थडगं तुमचं, मढं आमचं," पोलीस ठाण्याचा प्रमुख राइद शुकरी खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला. "तेव्हा आधी तुम्ही उतरा, उस्ताझा. तुमच्या फॅरोला आमचा धक्का लागला म्हणून उद्या कागदी घोडे नाचवू नका."

इनायातनं डोक्याचा रुमाल मागं घट्ट बांधला, चपला काढल्या आणि दोराच्या शिडीवर पाय ठेवला.

इजिप्तमधल्या लक्सरला, नाईलच्या पश्चिम तीरावर, पुरातत्त्व खात्याची निरीक्षक म्हणून तिचे केस पिकायला आले होते. नजा शमरूखसारख्या डोंगराला चिकटलेल्या गावात कुठल्या घराखाली कोण खणतंय, हे तिला धुळीच्या रंगावरून कळायचं. हे घर मात्र तिच्या नजरेतून सुटलं होतं. मागच्या खोलीत, भाकरीच्या भट्टीला लागूनच फरशी उचकटलेली होती आणि खाली तीन पुरुष खोल खड्डा होता. तळाशी वाकून जाण्याएवढी वाट आणि वाटेच्या टोकाला, माणूस सरपटत जाईल एवढं एक भोक. ते भोक दगडामातीनं बुजलेलं होतं. पोलिसांनी सकाळी पहारींनी फोडून ते मोकळं केलं होतं आणि दगड टोपल्यांनी वर अंगणात टाकले होते.

भोकापलीकडच्या खोलीत शह्हात पडला होता.

इनायात त्याला ओळखत होती. दर हिवाळ्यात तो तिच्याकडे टोपल्या वाहायला यायचा आणि रांगेत सगळ्यांच्या पुढं राहून गाणी म्हणायचा. आवाज बेसूर, पण इतका मोठा की पलीकडच्या खोऱ्यातले लोक हसायचे. आता तो भोकाशी कुशीवर पडला होता. तोंड उघडं, जीभ सुकून काळी पडलेली.

त्याच्या शेजारी आणखी एक जण होता. तो तिथं तीन हजार वर्षं बसून होता. त्याला कुणी कापडात गुंडाळलं नव्हतं, तेल-राळ लावली नव्हती. गुडघे पोटाशी घेतलेले, कमरेला चामड्याची पिशवी आणि पिशवीत तांब्याची छिन्नी. मागच्या शवपेटीच्या फळ्यांवरचा सोन्याचा पत्रा त्या छिन्नीनंच खरवडलेला होता. म्हणजे हा राजा नव्हे, पुजारी नव्हे, चोर. माल बाहेर गेल्यावर साथीदारांनी भोक बुजवलं आणि ह्याला आत ठेवला. वाटेकरी एकानं कमी.

तिनं बॅटरी भोकाच्या बाजूच्या भिंतीवर धरली. भिंती कोऱ्या होत्या. चित्र नाही, अक्षर नाही, नुसता चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यावर ओरखडे होते. जुने ओरखडे धुळीनं तपकिरी झालेले, बोटांच्या अंतरानं ओढलेले. त्यांच्याच शेजारी, काही ठिकाणी त्यांच्यावरूनच, दुसरे. हे पांढरेशुभ्र होते आणि त्यांच्या टोकांना रक्त होतं.

तिनं शह्हातचे हात पाहिले. नखं उरली नव्हती. उजवी करंगळी तर पार सोलवटलेली होती.

वर त्याचा थोरला भाऊ सकाळपासून ऊर बडवत एकच सांगत होता, की छत कोसळलं आणि माझा भाऊ जागच्या जागी गेला.

इनायातनं बाहेरच्या वाटेचं छतही नीट पाहून घेतलं. जुन्या मशालींच्या काजळीनं ते काळंकुट्ट होतं. एकही ताजा टवका उडालेला नव्हता. तिथून दगड पडलाच नव्हता.

२

थोरला भाऊ मेहन्नी रस्त्यालगत अलाबास्टरच्या दगडी वस्तूंचं दुकान चालवायचा. फुलदाण्या, मांजरी, आणि परदेशी पाहुण्यांना त्यांची नावं जुन्या चित्रलिपीत कोरून दिलेल्या पट्ट्या. अंगणात तो भिंतीला टेकून बसला होता. अंगातल्या गलाबियाची, लांब झग्याची, बाही डोळे पुसून भिजली होती.

"मी शनिवारी माल घेऊन हुरघाड्याला गेलो, उस्ताझा. तिथल्या दहा हॉटेलवाल्यांना विचारा. सोमवारी आलो तर हा घरात नाही. वाटलं, गेला असेल कैरोला कामाला. आज बुधवारी खाली डोकावलो, तर दगडांचा ढीग. माझं काळीजच फाटलं."

"घरात एवढा खड्डा, आणि तू दोन दिवस डोकावला नाहीस?"

"खड्डा त्याचा होता. मी शंभरदा म्हटलं, अरे, नको त्या फंदात पडू. पण ऐकतो कोण? आता भावाला काय पोलिसांत देऊ?"

"आज दिलासच की," शुकरी म्हणाला. "मेल्यावर."

मेहन्नीनं पुन्हा डोळ्यांना बाही लावली. उंबऱ्यावर त्यांची आई, हाज्जा नबविया, बसली होती. काळ्या वस्त्रातली किरकोळ, ताठ म्हातारी. शेजारणी तिच्याभोवती आक्रोश करत होत्या. ती रडत नव्हती. अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडे पाहत होती.

ह्या घराशी संबंध आलेला तिसरा माणूस ठाण्यात होता. शेख बरहूम. स्वतःला मगरिबी, म्हणजे मोरोक्कोकडचा मांत्रिक, म्हणवायचा, झगाही तसाच घालायचा, पण बोली इथल्याच सोहागची. गुप्तधन शोधणाऱ्यांच्या घरी धूप जाळायचा त्याचा धंदा. गावच्या चौकीदारानं त्याला शुक्रवारी ह्या घरी येताना आणि शनिवारी संध्याकाळी बाहेर पडताना पाहिलं होतं.

"मला जिवंतांचं काही कळत नाही, बाई," शेख इनायातला म्हणाला. "मी रखवाल्याशी बोलतो. धनावर बसलेल्याशी."

"तुमचा रखवाला भुरटा चोर होता. त्याच्याच सोबत्यांनी कोंडून मारलेला."

"तुम्ही पुस्तकातलं सांगता. मी त्याचा श्वास ऐकलाय."

"मग काय म्हणाला तो? कोंबडा मागितला का बोकड?"

शेख हसला. दात पिवळे होते, पण हसू तयारीचं. "वाटा ज्याचा तो मागतो. मी काही माझ्या मनचं सांगत नाही. दगडावर लिहिलेलं होतं, मी वाचून दाखवलं. वाचणं गुन्हा आहे का?"

"कसला दगड?"

इतका वेळ सुटलेली त्याची जीभ तिथं टाळ्याला चिकटली. शुकरीनं टेबलावर मूठ आपटली, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, पण तो पुढं बोललाच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शुकरीनं ऐकलं, खाली ठेवला आणि पहिल्यांदाच इनायातकडे बरोबरीच्या माणसासारखं पाहिलं.

"डॉक्टर म्हणतोय, डोक्याला लागलेलं नाही. तहानेनं आणि कोंडून मेला. आणि मरून एक दिवससुद्धा झालेला नाही."

म्हणजे मेहन्नी सोमवारी घरी आला, जेवला, झोपला, तेव्हा त्याच्या पायांखाली शह्हात जिवंत होता.

३

"ठरलं तर मग. थोरल्यानं मारला," शुकरी गाडीत म्हणाला.

"शनिवारी तो हुरघाड्यात होता. शह्हात तर शनिवारपासूनच कुणाला दिसलेला नाही. कोंडलं कुणी?"

"शेखनं."

"शेखच्या हातांना मेंदी लावलीय, शुकरी बाशा. त्यानं जन्मात माती उचललेली नाही."

अंगणात टोपल्यांनी आणून टाकलेला ढीग पडला होता. इनायात त्यापुढं उकिडवी बसली. वरवर दगडच दिसत होते. हातानं चाळत गेल्यावर वाळलेल्या मातीची ढेकळं हाताला लागली. दोन बोटं जाड, आत बारीक भुस्सा मिसळलेला आणि एका बाजूनं गुळगुळीत. कोसळलेल्या छताला कुणी गिलावा करत नाही. भोक आधी मातीनं लिंपलं होतं, दगड त्यावर नंतर आले होते. तिनं एक ढेकूळ उन्हाकडे धरलं. गुळगुळीत बाजूवर तळव्याची पुसट खूण होती. तिनं आपला तळवा त्यावर ठेवला. तिच्याहून लहान हात.

शेजारची उम्म बदवी सूप घेऊन कुंपणाशी आली होती. तिला बोलायचं होतंच.

"शनिवारची गोष्ट, उस्ताझा. दुपारभर हाज्जा मळत होती. भिंतीतून थपथप ऐकू येत होतं. मी पोरींना म्हटलं, आज नबविया लग्नाचं पीठ मळतेय की काय! इतकं मळलं, पण आमच्याकडे एक भाकरी नाही आली. नाहीतर पहिली गरम भाकरी कायम आमच्याकडे धाडते ती. मन दुखतं हो माणसाचं."

"शनिवारी वारा होता ना?"

"खमसीन? डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. शुक्रवारपासून सुटला होता, परवा कुठं थांबला."

इनायातनं हातातलं ढेकूळ खाली ठेवलं. तिची आईही ह्याच डोंगराखाली भाकरी भाजायची. ह्या भागात कणकेचे गोळे गच्चीवर उन्हात ठेवून फुगवतात, तेव्हा कुठं भाकरी होते. खमसीनच्या दिवसांत ऊन नसतं आणि हवेत वाळू असते. त्या दिवसांत वेडीसुद्धा पीठ भिजवत नाही.

मग नबविया काय मळत होती?

ती मागच्या खोलीत गेली. कोपऱ्यात कणीक मळायची मातीची मोठी परात उपडी घातली होती. ती घासून धुतलेली होती. पण तळाला एक जुनी चीर होती. इनायातनं केसातला आकडा काढून चिरेतलं बाहेर काढलं.

तळव्यावर भुस्सा आला.

"पोरी," मागून आवाज आला, "परात ठेव खाली. ती माझ्या सासूची आहे."

४

हाज्जा नबविया दारात उभी होती. भ्यालेली नव्हती. दमलेली होती.

"हाज्जा, माती तुम्ही मळलीत?"

"मीच."

"आत शह्हात होता. ठाऊक होतं तुम्हाला?"

"माझा मुलगा कुठं आहे, हे मला ठाऊक नसणार? मीच तर त्याला आत पाठवला." ती भट्टीशेजारच्या ओट्यावर बसली. "शेखनं करकदेच्या फुलांचं लाल सरबत दिलं त्याला. गुंगीचं. म्हणाला, झोपेत जाईल, काही कळणार नाही. हा म्हणाला, अम्मा, माझे पाय जड झाले. मी म्हटलं, आत जाऊन पड जरा, गार आहे. गेला बिचारा. आईचं कधी मोडलं नाही त्यानं."

शुकरी दाराशी येऊन थबकला होता. गुन्हा कबूल करणाऱ्या बायका त्यानं पाहिल्या असतील, पण इतक्या सरळ आवाजात बोलणारी नसेल.

"का?" इनायातनं विचारलं.

"रखवाल्यानं मागितला. दोघांतला धाकटा दे, नाहीतर दोघंही नेईन आणि थोरल्याची पोरंही. मेहन्नीला चार पोरं आहेत. शह्हातला कोण होतं? बायको नाही, मूल नाही. मी रात्रंदिवस विचार केला. तू आई आहेस का?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

तिनं भट्टीमागच्या कोनाड्यात हात घातला आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. गाठ सोडताना तोंडानं कुराणातली आयत पुटपुटत होती. "खड्ड्याच्या तळाशी सापडला. मेहन्नीनंच तो वर आणला. शेखनं माझ्यापुढं वाचला. आम्हा अडाण्यांवर नसेल तुझा विश्वास, पण हा तर तुमच्याच लोकांचा लेख आहे. वाच."

तो चुनखडीचा तुकडा होता, पोळपाटाएवढा. वर चित्रलिपीच्या तीन ओळी. इनायातनं तो खिडकीशी नेला.

एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. आणि मग तिनं दगडावर कपाळ टेकलं.

"काय लिहिलंय?" शुकरीनं विचारलं.

"मेहन्नीला बोलवा," ती म्हणाली.

५

मेहन्नीला आणून आईसमोर उभं केलं. दगड इनायातच्या मांडीवर होता.

"पहिली ओळ," ती म्हणाली. "पक्ष्यांची तोंडं निम्मी उजवीकडे, निम्मी डावीकडे. जुन्या लोकांनी ओळीतले सगळे पक्षी एकाच दिशेला तोंड करून कोरले, आणि ओळ कुठून वाचायची तेही त्यावरूनच कळायचं. आणि हे घाव पोलादी छिन्नीचे आहेत. दगड जुना वाटावा म्हणून शेणखतात पुरून चहाचं पाणी पाजलंय. अजून वास येतो. आता काय लिहिलंय ते ऐका, हाज्जा. एकेका अक्षराला एकेक चित्र, दुकानात पट्ट्यांवर लावतात तसं." तिनं बोट ठेवत वाचलं. "हेल्गा. मार्टिन. हेल्गा."

नबविया दगडावर वाकली.

"ही कोण?" म्हातारीनं विचारलं.

"पर्यटक असतील. नावं कोरून घेऊन आपल्या देशी परत गेलेले. तुमच्या मुलाला ह्या लिपीत दुसरं काही लिहिता येत नाही."

"खोटं आहे, अम्मा!" मेहन्नी ओरडला. "सरकारची बाई आहे, हिला आपलं धन हवंय!"

"धन?" इनायात उठली. "खोली रिकामी आहे रे. तीन हजार वर्षांपूर्वी रिकामी झाली. तू कुणाची वाटणी चुकवत होतास? आणि शह्हातच्या वाट्यासाठी तू हे केलंही नाहीस. तुला त्याचं तोंड बंद करायचं होतं. गेल्या महिन्यात तो माझ्या ऑफिसात येऊन बसला. चहा घेतला, टोपल्यांच्या कामाची चौकशी केली, दाराशी दोनदा घुटमळला आणि गेला. तो ह्या खड्ड्याचं सांगायला आला होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही. तुला मात्र कळलं."

मेहन्नीचे डोळे क्षणभर शुकरीकडे गेले आणि परत आले. मग त्यानं सूर बदलला.

"बरं. दगड मी कोरला. घरच्यांनी खोदकाम सोडू नये म्हणून एक गंमत केली. शेखनं त्यातून काय वाचलं, अम्मानं काय केलं, ते मला काय ठाऊक? मी हुरघाड्यात होतो. सोमवारी आलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. आईला वाचवावं म्हणून मी छत पडल्याचं बोललो. एवढाच माझा गुन्हा."

शुकरीनं इनायातकडे पाहिलं. कोर्टात हे टिकलं असतं. माती आईची, सरबत शेखचं, आणि मेहन्नीची नुसती एक गंमत.

"या बाहेर," इनायात म्हणाली.

अंगणात तिनं दोन वस्तू बाजूला काढून ठेवल्या होत्या. एक मातीचं ढेकूळ आणि एक निमुळता दगड, दोन माणसांनी नाहीतर एका धट्ट्याकट्ट्यानंच उचलावा असा.

"माती शनिवारी लिंपली. खमसीनमध्ये एका दिवसात ती विटेसारखी वाळली. शह्हातची गुंगी उतरली, तेव्हा त्याच्यापुढं भिंत होती. त्यानं ती नखांनी खरवडली. हे बघा." ढेकळात आरपार भोक होतं, बोटाएवढं. कडांवर सुकलेलं रक्त. "ओल्या मातीत भोक पाडलं तर कडा दबतात. ह्या कणाकणानं झिजल्यात. खूप वेळ लागला असेल. पण तो पार झाला. त्याचं बोट बाहेर आलं."

म्हातारी एक पाऊल पुढं आली.

"आणि हा दगड. टोकाशी डाग बघा. ह्या डागावर ते भोक बरोबर बसतं. मी बसवून पाहिलंय. दगड वाळलेल्या मातीवर टेकवलेला आहे, ओल्या मातीत रुतलेला नाही. म्हणजे शनिवारचा नव्हे, दोन दिवस तरी नंतरचा. कुणीतरी खाली उतरलं. त्याला ते बोट दिसलं. आवाजही आला असेल, कारण शह्हातचा आवाज खोऱ्यापलीकडे जायचा. पाण्याचं एक भांडं पुरलं असतं, एक लाथ पुरली असती, माती फुटली असती. त्यानं अंगणातून हा दगड उतरवला आणि त्या बोटावर टेकवला. मग बाकीचे रचले."

शुकरीनं हळूच विचारलं, "हाज्जा, दगड कुणी लावले?"

"अम्मा," मेहन्नी गुडघ्यांवर आला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "अम्मा, सांग ना ह्यांना. तू वरून ढकललेस म्हणून सांग. तुला म्हातारीला कोण फासावर देणार? माझी पोरं, अम्मा. तुझी नातवंडं. त्यांच्यासाठीच केलंस ना सगळं?"

नबवियानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतली वाळू झटकली. इनायातला वाटलं, आता ही सगळं आपल्या अंगावर घेणार. मेहन्नीलाही तसंच वाटलं असावं, त्याचे खांदे सैल पडले.

"सोमवारी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, खालून काही खरवडल्यासारखं येतंय. तू म्हणालास, रखवाला त्याचा वाटा खातोय. तू दार लावून घे."

मग ती शुकरीकडे वळली.

"लिहा, बाशा. माती मी लावली. दगड मी नाही लावले."

६

शेख बरहूमनं त्याच रात्री तोंड उघडलं. दगड, शब्द, सरबत, सगळं मेहन्नीनं ठरवलं होतं, आणि नसलेल्या सोन्याचा निम्मा हिस्सा कबूल केला होता. मेहन्नीला फाशी झाली, शेखला जन्मठेप. नबवियाला पंधरा वर्षं लागली. वकिलानं वय सांगून दयेचा अर्ज करायचं म्हटलं, तर तिनं अंगठा उठवायला नकार दिला.

मेहन्नीची बायको पोरांना घेऊन एस्नाला माहेरी गेली. घर पाडून खड्डा बुजवला. त्या जुन्या चोराला कोठारात नेऊन क्रमांक दिला आणि फळीवर ठेवला. शह्हातला गावच्या कब्रस्तानात पुरलं. खांदा द्यायला टोपल्या वाहणारे सगळे आले होते. गाणं कुणी म्हटलं नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या बोळात शिपाई म्हातारीला गाडीकडे नेत होते. इनायात भिंतीला लागून उभी होती. नबविया तिच्यापाशी थांबली. शिपायानं दंडाला धरलं, पण ओढलं नाही.

"तू पाहिलंस ना त्याला? खाली?"

"पाहिलं, हाज्जा."

"कुठलं बोट होतं?"

इनायातला खोटं बोलता आलं असतं. मला नाही माहीत म्हणता आलं असतं. तिनं म्हातारीचे बेड्यांतले लहान हात पाहिले.

"करंगळी," ती म्हणाली. "उजव्या हाताची."

म्हातारीनं मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवतात, आणि शिपायाला म्हणाली, "चल बाबा."